आधी दवाखान्याचा नकाशा काढा

सरकारी आरोग्य खात्याच्या कुठल्याही कार्यक्रमाला हल्ली जाऊन बसा, पडद्यावर रंगीत नकाशा येतोच. प्रभाग हिरवे, पिवळे, लाल. बोट लावलं की आकडे उघडतात: एवढ्या गरोदर माता, एवढ्या नोंदण्या, एवढ्या संस्थात्मक प्रसूती. साहेब खूश, पाहुणे खूश, सॉफ्टवेअरवाला सगळ्यांत जास्त खूश. अशा तीन सादरीकरणांना मी श्रोता म्हणून बसलो आहे आणि तिन्ही वेळा आमची वस्ती शोधली आहे. एकदा ती सापडलीच नाही. एकदा मोकळं मैदान म्हणून सापडली. आणि एकदा शेजारच्या प्रभागाच्या हिरव्या रंगात विरघळून गेली होती; तिथं म्हणे सगळं छान चाललं आहे.

माझा नकाशाला विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर "हे लोक प्रत्येक नव्या गोष्टीला विरोध करतात" हे ठरलेलं वाक्य कुणीतरी तयारच ठेवलेलं असतं. मला नकाशा हवा आहे. पण आपल्याकडे बाईचा नकाशा काढला जातो, दवाखान्याचा नाही. बाई कुठं राहते, तिला कितवा महिना, कितवं मूल, आधार क्रमांक काय, मोबाइल कुणाचा, हे सगळं खात्याला हवं असतं. आज रात्री अकरा वाजता कुठल्या प्रसूतिगृहात भूलतज्ज्ञ हजर आहे, हे मात्र त्या बाईला कुणी सांगत नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या चुलत भावाच्या बायकोला सातव्या महिन्याच्या अखेरीस कळा सुरू झाल्या. यंत्रमागाचं गाव, रात्रीची पाळी चालू, गल्लीत दोन्ही बाजूंनी मोटारसायकली. रुग्णवाहिकेला फोन लावला. "पत्ता सांगा." गल्ली नंबर चार सांगितली. आमच्या भागात गल्ली नंबर चार तीन आहेत. "जवळची खूण सांगा." मशिदीचं नाव सांगितलं. गाडी मशिदीच्या पुढच्या दाराशी येऊन उभी राहिली, आम्ही मागच्या दाराशी. शेवटी भावानं रिक्षा काढली. पहिल्या दवाखान्यात सांगितलं, इतक्या कमी दिवसांचं मूल आम्ही घेत नाही. दुसऱ्यात डॉक्टर होते, बाळाला ऊब देणारं यंत्र बंद होतं. तिसऱ्यात दाखल करून घेतलं. मूल वाचलं, आता अंगणवाडीत जातं आणि अत्यंत खोडकर आहे.

घरातल्यांनी शुक्र केला आणि विषय संपवला. मी मात्र नंतर त्या रात्रीचा हिशेब कागदावर मांडला. गल्ली न सापडल्यामुळं गेली पंचवीस मिनिटं. कुठं जायचं हे न कळल्यामुळं गेले सव्वादोन तास. म्हणजे आमचा पत्ता नकाशावर नव्हता हे खरं, पण त्याहून मोठं खरं हे की दवाखान्यांची खरी अवस्था कुठल्याच नकाशावर नव्हती. उद्या आमच्या घरावर उपग्रहातून लाल ठिपका लावला तर पंचवीस मिनिटं वाचतील. सव्वादोन तासांचं काय?

ही माझी एकट्याची तक्रार नाही. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंमागच्या तीन उशिरांची मांडणी केली, ती आज जगभर शिकवली जाते. पहिला उशीर घरात, निर्णय घ्यायला. दुसरा वाटेत, पोचायला. तिसरा दवाखान्याच्या दारात, पोचल्यावर उपचार मिळायला. आपल्याकडे पहिल्या उशिराबद्दल भाषणं होतात, दुसऱ्यासाठी गाड्या घेतल्या जातात (खरेदीत सगळ्यांनाच रस असतो), आणि तिसऱ्याबद्दल शांतता असते. कारण तिसऱ्या उशिराचा नकाशा काढला तर तो सरकारचा नकाशा निघेल, वस्तीचा नाही.

आणि तो काढायचा कसा हेही ठरलेलं आहे, नव्यानं शोधायचं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफसारख्या संस्थांनी मिळून २००९ मध्ये तातडीच्या प्रसूतिसेवेची हस्तपुस्तिका काढली. तिचा निकष असा: पाच लाख लोकसंख्येमागे किमान पाच ठिकाणी ही सेवा हवी, आणि त्यांपैकी किमान एका ठिकाणी सिझर आणि रक्त चढवण्याची सोय हवी. यातली मला सगळ्यांत आवडणारी अट पुढची आहे. एखादं केंद्र या मोजणीत धरायचं ते दारावरच्या पाटीवरून नाही, मंजूर पदांवरूनही नाही. गेल्या तीन महिन्यांत तिथं ही कामं प्रत्यक्ष झाली का, यावरून. वार अडकली तर हातानं काढली का, झटक्यांवरचं इंजेक्शन दिलं का, न रडणाऱ्या बाळाला पिशवी-मास्कनं श्वास दिला का. झालं असेल तर केंद्र चालू, नसेल तर इमारत.

भिवंडी-निजामपूरची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत ७ लाखांच्या वर होती, मालेगावची ४ लाख ८१ हजार. या निकषानं भिवंडीला तेव्हाच किमान सात ठिकाणं लागत होती, मालेगावला पाचेक. आजची गरज किती, ते सांगता येत नाही, कारण २०११ नंतर शिरगणतीच झालेली नाही; पुढची २०२७ ची ठरली आहे. चौदा-पंधरा वर्षं जुन्या आकड्यांवर आजचे हिरवे-लाल रंग भरले जातात. म्हणून तर काही तक्त्यांत लसीकरण शंभर टक्क्यांच्याही वर जातं! भागाकारातला खालचा आकडाच जुना असेल तर दुसरं काय होणार.

आता राज्याच्या सरासरीकडे बघू. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत भारताचा मातामृत्यू दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ होता, महाराष्ट्राचा ३३. चांगलीच गोष्ट आहे, कुणीही मान्य करावं. पण हा आकडा राज्याचा आहे. तो गोवंडीचा नाही, मुंब्र्याचा नाही, धारणीचा नाही. ही पाहणी राज्याच्या खाली उतरून मातामृत्यू दर सांगतच नाही. सरासरी म्हणजे कोट. आतला सदरा फाटका आहे का, ते कोट घातल्यावर दिसत नाही. शहराच्या आतला फरक दिसायचा तर गल्लीपर्यंत उतरणारा नकाशाच हवा, आणि इथं माझं नकाशावाल्यांशी पूर्ण एकमत आहे.

आमच्या समाजापुरतं बोलायचं तर महाराष्ट्रातला मुसलमान प्रामुख्यानं शहरात राहतो, साधारण सत्तर टक्के. आणि शहरात म्हणजे कुठं? बऱ्याचदा अशा वस्तीत, जी कागदावर नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीनं २०१२ मध्ये देशातल्या झोपडपट्ट्या मोजल्या तेव्हा अंदाजे ३३ हजार ५०० निघाल्या, त्यातल्या जवळजवळ ५९ टक्के अघोषित. महाराष्ट्रात साडेसात हजारांहून जास्त. अघोषित म्हणजे माणसं आहेत, पण वस्ती नाही. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये आलं, तेव्हा ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि झोपडपट्टीत २०० ते ५०० घरांमागे एक आशा असा हिशेब ठरला. घरंच मोजली नाहीत तर आशा किती नेमणार? मग एकीच्या वाट्याला हजार घरं येतात, ती बिचारी अर्ध्यांपर्यंत पोचते, आणि उरलेल्यांना "प्रतिसाद न देणारी कुटुंबं" असं नाव पडतं.

आणि हे तंत्र आपल्याकडे नाही असंही नाही. मालमत्ता कर वाढवायचा असतो तेव्हा अनेक महापालिकांनी जीआयएसवर घरोघरचं सर्वेक्षण केलं आहे. गच्चीवर पत्र्याचं शेड टाकलं तरी ते सापडतं. गावठाणातल्या घरांच्या मिळकतपत्रिकांसाठी २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोन उडत आहेत, पण ती योजना फक्त खेड्यांसाठी. सांगली-मिरजेत आणि पुण्यात शेल्टर असोसिएट्स या संस्थेनं झोपडपट्ट्यांचे घरनिहाय नकाशे काढून त्यावर शौचालयांचं काम उभं केलं. म्हणजे करता येतं. कर घ्यायला माझं घर दिसतं, रुग्णवाहिका पाठवायला दिसत नाही, एवढाच प्रश्न आहे.

बाहेरचं एक उदाहरण सांगतो, कारण ते आपल्यासारख्याच लोकांचं आहे. उत्तर नायजेरिया, कानो आणि आसपासची राज्यं, बहुसंख्य मुस्लिम. २००३-०४ मध्ये कानोत पोलिओचा डोस थांबवला गेला होता, संशयापोटी. त्यावरून जगानं त्या लोकांना काय काय म्हटलं ते आठवून बघा. पुढं २०१२ च्या सुमारास तिथं जुने हातानं काढलेले नकाशे बाजूला ठेवून उपग्रहाच्या चित्रांवरून वस्त्या शोधायला सुरुवात झाली, तेव्हा हजारो लहान वाड्या अशा निघाल्या ज्या लसीकरणाच्या कुठल्याच यादीत नव्हत्या. तिथल्या मुलांना डोस न मिळण्याचं कारण धर्म नव्हतं. तिथं कुणी गेलंच नव्हतं! लस देणाऱ्यांच्या फोनमधल्या जीपीएसवरून ते खरोखर त्या वाडीत गेले का, हेही दिसू लागलं. म्हणजे नजर लोकांवर नव्हती, यंत्रणेवर होती. २५ ऑगस्ट २०२० रोजी आफ्रिका नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त जाहीर झाली. यात नकाशाचा वाटा मोठा होता, पण एकट्या नकाशाचा नव्हे. गावोगावचे इमाम, सरदार, हजारो बायका यांनी दारं उघडून घेतली तेव्हा ते झालं.

आपल्याकडे "त्यांच्यात जागृती नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता मोजत नाही. ज्यांना ते फार आवडतं त्यांनी सच्चर समितीचा २००६ चा अहवाल पुन्हा उघडावा. मुस्लिमांमधलं बालमृत्यूचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कमी असल्याचं त्यात नोंदलं आहे. आणि त्याच अहवालात हेही आहे की मुस्लिमांची लक्षणीय वस्ती असलेल्या मोठ्या गावांपैकी सुमारे ४० टक्के गावांत कुठलीही वैद्यकीय सोय नव्हती. आई मूल जपते आहे, सोय नाही.

आता आमच्या लोकांच्या भीतीबद्दल. सर्वेक्षणाला कुणी आलं की दार लावून घ्यायचं, हे २०२० च्या सुरुवातीला अनेक मोहल्ल्यांत घडलं. एनआरसीची चर्चा जोरात होती, आणि आरोग्याच्या नावाखाली कागद मागितले जातील अशी धास्ती होती. मग कोविड आला आणि नकाशावर लाल रंगलेल्या गल्ल्यांचं काय झालं ते आपण पाहिलं: पत्रे ठोकले गेले आणि भाजीवाल्याचं नाव विचारलं जाऊ लागलं. या भीतीला अडाणीपणा म्हणणारा माणूस एक तर फार सुखी आहे किंवा फार लबाड. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला खरा, पण त्यात सरकारनं स्वतःसाठी सवलतीची मोठी खिडकी ठेवली आहे.

पण दार लावून बसण्यात बाई मरते, हेही तितकंच खरं आहे. प्रसूतीनंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला तर धडधाकट बाईसुद्धा काही तासांत हातची जाते. नवजात बालकांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात. त्या आठवड्यात आशाताईला घर सापडलंच पाहिजे. म्हणून मी दोन नकाशांची भाषा बोलतो. एक घरांचा: तो आशा आणि नर्सबाईपुरता, त्यावर नाव नको, धर्म नको, आधार तर मुळीच नको, घराचा खुणेचा क्रमांक आणि तारीख पुरे, बाळ बेचाळीस दिवसांचं झालं की ठिपका पुसायचा. दुसरा दवाखान्यांचा: तो सगळ्यांसाठी उघडा, चौकात लावलेला, फोनवर दिसणारा. खाती आज नेमकं उलटं करतात. आमची माहिती दहा कार्यालयांत फिरते आणि दवाखान्याची माहिती "अंतर्गत वापरासाठी" असते.

आपल्या घरातही थोडं झाडून घेऊ. वस्तीचा सर्वांत अचूक नकाशा कुणाकडे आहे, माहीत आहे? मशिदीच्या कमिटीकडे. चंद्याची पावती फाडायला प्रत्येक घर सापडतं, भाडेकरूसकट, पोटमाळ्यासकट. बकरी ईदला कातडी गोळा करणाऱ्या पोरांना अंधारातही कुठली जिन्याची पायरी तुटकी आहे ते माहीत असतं. या माणसांनी एक रविवार काढून गल्ल्यांना नीट क्रमांक घातले आणि रिक्षा कुठपर्यंत आत येते एवढी खूण केली तरी निम्मं काम होईल. ओपनस्ट्रीटमॅपवर कुणालाही फुकट नकाशा भरता येतो. मिसिंग मॅप्सच्या नावानं २०१४ पासून जगभरचे स्वयंसेवक घरी बसून दूरदूरच्या वस्त्या त्यावर उमटवतात. आपली पोरं रात्री दोनपर्यंत फोनवर असतातच. मात्र कमिटीच्या बैठकीत बायका नसतात, आणि बाळंतपण हा विषय तिथं निघाला की सगळे घसा खाकरतात. भाभीला कळा सुरू झाल्यावर "घरवाला कारखान्यातून येऊ दे" म्हणून थांबणं हा जो पहिला उशीर आहे, तो उपग्रहातून दिसत नाही.

उपग्रहातून न दिसणाऱ्या गोष्टी आणखी आहेत, आणि नकाशा काढणाऱ्यांनी त्या समजून घ्याव्यात. बाळंतपणासाठी बाई माहेरी जाते. नोंदणी भिवंडीच्या सासरी, बाळंतपण मालेगावला किंवा थेट आझमगडला. सासरच्या नकाशावर ती "संपर्क तुटलेली", माहेरच्या नकाशावर ती नाहीच. सातव्या महिन्यात ओटी भरून, नाहीतर आमच्याकडे गोदभराई करून मुलगी माहेरी जाणार, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही आजीला माहीत आहे, फक्त संगणक बनवणाऱ्याला माहीत नाही. तिच्या नोंदीचा क्रमांक तिच्याबरोबर प्रवास करायला हवा आणि माहेरच्या आशेला तो आपोआप दिसायला हवा.

दुसरी गोष्ट अंतराची. संगणक सरळ रेघ ओढतो किंवा फार तर रस्त्याचं अंतर मोजतो, आणि बाई जवळच्या दवाखान्यात जाईल असं धरून चालतो. बायका तशा जात नाहीत. "पाचवं का? लाज नाही वाटत?" हे कळा देणाऱ्या बाईला टेबलावर ऐकवलं जातं. बुरख्यावरून बोललं जातं. माझ्या नात्यातल्या, ओळखीच्या किती बायकांनी हे मला सांगितलं आहे. मग ती जवळचं फुकटचं प्रसूतिगृह ओलांडून दागिने गहाण टाकून खासगीत जाते, किंवा घरीच दाईला बोलावते. नकाशावर तिचं घर प्रसूतिगृहापासून आठशे मीटर. तिच्या लेखी ते अंतर आठ कोसांचं आहे. बायका कुठलं केंद्र टाळून कुठं जातात, हे नोंदवा. अपमान कुठं होतो त्याचा नकाशा आपोआप उमटेल.

आणि अंतर खरोखरच लांब असेल तिथं नकाशाचं उत्तर वेगळं निघतं. मेळघाटात किंवा गडचिरोलीत नाल्याला पूर आला की गाडी असून उपयोग नसतो. तिथं तारखेच्या आधीच बाईला दवाखान्याशेजारी आणून ठेवणारं माहेरघर लागतं. गडचिरोलीतच सर्च संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. तिथं रंगीत पडदा नव्हता. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजणारी गावातली बाई होती, आणि ती दारात जात होती. शहरात आमच्याकडे उत्तर रिक्षाचं आहे. टांझानियात ‘एम-मामा’ नावाचा उपक्रम आहे: फोन आला की नियंत्रण कक्ष नकाशावर जवळचा गाडीवाला शोधतो, रुग्णवाहिका नसेल तर गावातलाच नोंदलेला चालक पाठवतो, कुठल्या दवाखान्यात न्यायचं ते त्याला सांगतो आणि भाडं मोबाइलवर चुकतं होतं. मला या साखळीत ‘कुठल्या दवाखान्यात’ ही कडी महत्त्वाची वाटते. रिक्षावाले आमच्याकडे ढीगभर आहेत आणि रात्री-अपरात्री पैसे न घेताही नेतात. त्यांना फक्त ती एक गोष्ट सांगणारं कुणी नाही.

म्हणून मी गेल्या वर्षी माहितीच्या अधिकारात एक पानी अर्ज केला. शहरातल्या सरकारी आणि महापालिकेच्या प्रत्येक प्रसूतिगृहाबद्दल पाच प्रश्न: रात्री आठ ते सकाळी आठ भूलतज्ज्ञ किती दिवस हजर होता, गेल्या तीन महिन्यांत रात्रीची सिझर किती झाली, रक्त साठवण्याची सोय चालू आहे का, बाळाला ऊब देणारी यंत्रं किती आणि चालू किती, किती बायकांना दुसरीकडे पाठवलं आणि कुठं. तीस दिवसांची मुदत, उत्तर एक्केचाळिसाव्या दिवशी आलं. "मागितलेली माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही." सही ज्या साहेबांची आहे, त्यांनीच पडद्यावर तो रंगीत नकाशा दाखवला होता. मी पहिलं अपील केलं आहे, आणि तेच पाच प्रश्न छापलेला कोरा अर्ज आमच्या भागातल्या दोन झेरॉक्सच्या दुकानांत ठेवला आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, खाली आपल्या प्रभागाचं नाव लिहायचं.